एक जूनचे जन्मलेले

महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत मे महिन्याची अखेर ही निरोपांची अखेर असते. त्यामागील कारण आमच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहेच. पूर्वी मूल शाळेत घालावयास नेले, की मास्तर जन्मतारीख विचारीत आणि बापाला ती सांगता येत नसे. मग मुलाने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरून दाखविला, की ते सहा वर्षांचे झाले असे समजावयाचे आणि दाखल्यावर १ जून ही तारीख घालून मोकळे व्हावयाचे, असा शिरस्ता होता. अशा रीतीने एका पिढीतील असंख्य मुले कागदोपत्री एकाच दिवशी जन्माला आली. ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा सेवेचा नियम आहे. म्हणून ३१ मे. दुसऱ्याच दिवसापासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद होते. कचेरीने आणि दर्याने एकाच सुमारास दार लावून घ्यावे, हा योगायोग गमतीचा खरा. पण दर्यावर जाणारा मनुष्य ऑगस्टमध्ये पुन्हा कामाला लागतो, कचेरीतला लागत नाही. या फरकाविषयीच आम्हांस आज थोडे कडू लिहावयाचे आहे.

गेल्या मे अखेरीस धर्मग्रामातील अशाच एका निरोप समारंभास आम्ही उपस्थित होतो. उत्सवमूर्तींचे वय अर्थातच ५८. फुले झाली, श्रीफळ झाले, शाल झाली. मग एका वक्त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि परदेशातील एका विमान कंपनीच्या निवृत्त नोकरांचा म्हणून एक तक्ता वाचून दाखविला. पन्नासाव्या वर्षी जो निवृत्त होतो तो ८६ वर्षे जगतो, आणि पासष्टाव्या वर्षापर्यंत जो काम करीत राहतो तो पुढे दोन वर्षेही काढीत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. सभागृहात सुस्कारे उमटले. त्यानंतर उठलेल्या वक्त्याने नेमके उलटे सांगितले. मनुष्य घरी बसला की संपला, शिवाय आता लोकांचे आयुर्मान वाढले आहे, सबब राज्य सरकारने निवृत्तीचे वय ताबडतोब ६० करावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनाही टाळ्या मिळाल्या. ज्या हातांनी पहिल्याला टाळ्या वाजविल्या, त्याच हातांनी दुसऱ्यालाही वाजविल्या, आणि मग समोसे आले. आमच्याकडूनही टाळ्या वाजल्या, हे प्रांजळपणे कबूल करतो. घरी आल्यावर मात्र आम्हांस स्वतःचीच लाज वाटली.

प्रथम त्या कागदाचा समाचार घेऊ. हा तक्ता गेली कित्येक वर्षे हातोहात फिरत आहे. ज्या कंपनीच्या नावाने तो खपविला जातो त्या बोइंग कंपनीनेच तो खोटा असल्याचे पूर्वीच सांगून टाकले आहे. पण कंपनीच्या खुलाशाची वाट तरी कशाला पाहावी? त्या तक्त्यावर विश्वास ठेवावयाचा तर पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणारा मनुष्य सरासरी सदुसष्टीही गाठत नाही असे मानावे लागेल. मग पंचाहत्तर-ऐंशी वर्षांचे जे म्हातारे रविवारी पहिल्या मिस्सेला काठी टेकीत येतात आणि पुढचे बाक अडवून बसतात, ते कोण? त्यांतील कोणी पन्नाशीत काम सोडले होते? खोटी आकडेवारी आपणांस खरी वाटते, कारण ती आपल्या मनातले बोलते. कामाला कंटाळलेल्या माणसास ‘लवकर सुट, दीर्घकाळ जग’ हा मंत्र कोण गोड लागणार नाही!

दुसऱ्या वक्त्यांच्या पक्षाला निदान काही खरा पुरावा आहे. शेल या तेल कंपनीच्या अमेरिकेतील निवृत्तांचा एक दीर्घ अभ्यास २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५५ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ६५ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांपेक्षा जास्त आढळले. पहिल्या दहा वर्षांत तर ते, त्याच वयात कामावर राहिलेल्यांच्या मानाने, जवळजवळ दुप्पट होते. मात्र साठाव्या आणि पासष्टाव्या वर्षी निवृत्त झालेल्यांत फारसा फरक दिसला नाही. यावरून ‘घरी बसला की संपला’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एकदा मालवणच्या दांडीवर रापण ओढताना पाहावी. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घालून जाळे सोडलेले असते आणि किनाऱ्यावर दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या रांगा पाय वाळूत रोवून मागे मागे सरकत असतात. त्या रांगेतून दोर आधी कोण सोडतो? ज्याचा दम संपला तो. असा मनुष्य पुढे दोन वर्षांत वारला, तर तो दोर सोडल्यामुळे वारला असे म्हणणार, की छातीत बिघाड होता म्हणून त्याने दोर सोडला असे म्हणणार? कंपन्यांतही हेच घडते. आजारी मनुष्य लवकर बाहेर पडतो, धडधाकट मनुष्य टिकून राहतो, आणि मग आकडे असे दिसू लागतात की जणू कामच माणसाला जगविते.

ही गल्लत टाळून केलेले अभ्यासही आहेत, आणि गंमत अशी की त्यांचे एकमेकांशी पटत नाही. ऑस्ट्रियातील कामगारांविषयी २०१० साली मांडलेल्या एका अभ्यासात, लवकर निवृत्तीची सवलत मिळालेल्या पुरुष कामगारांत अकाली मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले. संशोधकांनी त्याचे बरेचसे माप धूम्रपानाच्या आणि मद्याच्या पदरात घातले. नेदरलँड्समधील सरकारी नोकरांविषयीच्या २०१७ सालच्या अभ्यासात मात्र लवकर निवृत्त झालेल्या पुरुषांत पुढील पाच वर्षांतील मृत्यू कमी झालेले आढळले. एके ठिकाणी निवृत्तीने मारले, दुसरीकडे तारले! यात विसंगती नाही. रिकाम्या हातांनी आणि रिकाम्या खिशाने गुत्त्यात जाऊन बसणारा कामगार आणि निवृत्तिवेतन घेऊन बागेत फिरणारा अधिकारी यांना ‘निवृत्त’ हा एकच शब्द लावला, एवढीच चूक झालेली आहे.

आपल्या घरांतही या दोन्ही सिद्धांतांची बोबडी वळविणारे एक उदाहरण रोज डोळ्यांपुढे वावरत असते. आपल्या आया, आज्या, मावशा. पहाटे चूल, दुपारी बाजार, संध्याकाळी रोझरीला घर गोळा करणे, पावसाआधी लाकडे आणि सुकी मासळी भरणे. मासे विकणाऱ्या बाईची तर टोपली डोक्यावर वेगळीच. या बाईला ५८ नाही आणि ६०ही नाही. तरीदेखील भारतात आज स्त्रियांचे सरासरी आयुष्य पुरुषांपेक्षा दोन-तीन वर्षांनी अधिक आहे. लवकर निवृत्तीने आयुष्य वाढत असेल तर या बायका इतक्या कशा जगतात? आणि काम हेच अमृत असेल, तर त्याच घरात पहाटे उठून दर्यावर जाणारा त्यांचा नवरा आधी का जातो? कोणत्याही वक्त्याने या प्रश्नाला हात घातल्याचे आम्हांस आठवत नाही. बायकांचे काम हे काम म्हणून मोजण्याची आपल्याकडे पद्धतच नाही, मग त्यांची विश्रांती कोण मोजणार?

आता त्या वाढलेल्या आयुर्मानाविषयी. हा युक्तिवाद वरकरणी फार भारदस्त दिसतो. १९५१ च्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षे होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे. म्हणजे आयुष्य दुपटीहून वाढले, मग दोन वर्षे अधिक काम करावयास काय हरकत? वाचकहो, त्या बत्तीस वर्षांचा अर्थ त्या काळची माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत होती असा नव्हे. आपल्या जुन्या दफनभूमीत जाऊन पाहा. कोपऱ्यात लहान लहान थडगी दाटीने दिसतील. देवी, हगवण, डांग्या खोकला यांनी नेलेली ती तान्ही मुले सरासरीला खाली ओढीत होती. जी मुले त्यातून तगली, त्यांतील कित्येक त्या काळीही साठी-सत्तरी पाहत. मुले वाचू लागली, म्हणून सरासरी चढली. साठी गाठलेल्या माणसापुढे आज या देशात सरासरी अठरा वर्षांच्या आसपास आयुष्य असते. तेथेही वाढ झाली आहे, आम्ही नाकारीत नाही. पण ती दुप्पट खचित नाही. बालमृत्यू कमी झाल्याचा दाखला देऊन म्हाताऱ्याच्या खांद्यावर ओझे वाढविणे याला तर्कशास्त्र म्हणत नाहीत.

आणि वय ठरविताना सरकारे आयुर्मान खरोखर पाहतात तरी कोठे? केंद्र सरकारने १९६२ साली ५५ चे ५८ केले आणि १९९८ साली ५८ चे ६०. आपल्या शेजारच्या गोव्यात ६०. महाराष्ट्रात ५८, परंतु चतुर्थ श्रेणीच्या शिपायांना मात्र ६०. केरळात, जेथील माणसे देशात सर्वांत जास्त जगणाऱ्यांत मोडतात, तेथे २०१२ पर्यंत निवृत्तीचे वय ५५ होते, नंतर ५६ झाले, आणि २०१३ पासून सेवेत आलेल्यांना ६०. दीर्घायुषी प्रांतात सर्वांत लवकर निवृत्ती! जर्मनीत बिस्मार्कने १८८९ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला तेव्हा वय ७० ठेवले होते, ६५ पुढे १९१६ साली झाले. (बिस्मार्कने स्वतःच्या वयावरून ६५ ठरविले ही आणखी एक लोणकढी थाप, १८८९ साली तो ७४ वर्षांचा होता.) ही वये तिजोरीतील पैसा, संघटनांची ताकद आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या बेकार तरुणांची रांग पाहून ठरतात. राज्यातील अधिकाऱ्यांच्या महासंघाची साठ वर्षांची मागणी जुनी आहे आणि ती करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. केंद्राला एक न्याय आणि आम्हांला दुसरा का, असे त्यांनी म्हणावे. त्याला आमच्याकडे उत्तर नाही. फक्त त्यांनी ‘लोकांचे आयुर्मान’ असे म्हणून लोकांना मध्ये ओढू नये, एवढीच आमची विनंती आहे. कारण लोक म्हटले की त्यात रापणीवरचा म्हातारा येतो, आणि त्याचा हिशेब निराळा आहे.

तो हिशेब असा. सरकारी कारकून पंख्याखाली बसून ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. २००५ च्या नोव्हेंबरपूर्वी लागलेला असेल तर त्याला शेवटच्या पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळते. त्यानंतर लागलेल्यांना जुनी योजना नाही म्हणून मार्च २०२३ मध्ये सारे राज्य आठवडाभर संपावर गेले होते, आणि त्यांचे दुःख आम्ही हलके मानीत नाही. खाजगी नोकरीतल्या माणसाला १९९५ च्या योजनेखाली ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम २०१४ साली दरमहा १००० रुपये ठरली. आणि ज्याने चाळीस-पन्नास वर्षे खाऱ्या पाण्यात उभे राहून दोर ओढला, काजूच्या कारखान्यात चिकाने बोटे भाजून घेतली, चिऱ्याच्या खाणीत चिरे उचलले, त्याच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. दरमहा १५०० रुपये, ही वाढही २०२३ सालची. त्यासाठी वय किती हवे? पासष्ट पूर्ण. शिवाय दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवे. म्हणजे साऱ्या कुटुंबाला मिळून दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. ज्याचे शरीर आधी झिजते, त्याची विश्रांती सात वर्षांनी उशिरा! जो जास्त जगण्याचा संभव, त्याला लवकर सुटका. ज्याच्या जगण्याची शाश्वती कमी, त्याला ‘थांब’. आमच्या मते निवृत्तीचे वय आणि आयुष्याची लांबी यांचा जो संबंध शोधावयाचा तो येथे आहे, आणि तो शोधण्यास परदेशी तक्त्याची गरज नाही.

परदेशात तरी हा प्रश्न लोकांनी ओळखला आहे. फ्रान्समध्ये २०२३ साली निवृत्तिवेतनाचे वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा झाला, तेव्हा लाखो माणसे रस्त्यावर उतरली. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने २०१८ मध्येच दाखवून दिले होते, की त्या देशातील सर्वांत श्रीमंत पाच टक्के पुरुष सर्वांत गरीब पाच टक्के पुरुषांपेक्षा सरासरी तेरा वर्षे अधिक जगतात. फ्रान्ससारख्या देशात तेरा वर्षे. आपल्याकडे ओरोसच्या कचेरीतील साहेब आणि तळाशीलचा पागी यांच्यात ती किती असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

सक्तीची निवृत्ती म्हणजे काय, हे तर आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कितीतरी जण कोकणच्या गाड्या धरून परतले. चाळिशीतली माणसे ओसरीवर येऊन बसली. त्यांना कोणी शाल दिली नाही, श्रीफळ दिले नाही. आपले ख्रिस्ती बांधव गिरण्यांपेक्षा गोदीत, हॉटेलांत, आखातात आणि बोटींवर अधिक. पण बोटीवरचा करार संपला आणि वैद्यकीय तपासणीत रक्तदाब निघाला, की पन्नाशीतला खलाशीही असाच पेटी घेऊन परत येतो. घर बांधून झालेले असते. सोबतीला मुले मात्र नसतात, ती वसईला किंवा दुबईला. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. साऱ्या देशाची माणसे वाढत असताना आपला जिल्हा आकसला. जे उरले त्यांत म्हातारे जास्त. म्हणून हा विषय मुंबईच्या वाचकापेक्षा आपल्याला अधिक भिडणारा आहे.

कोणी म्हणेल, तुमच्या पवित्र सभेतच पाहा, तेथे पंचाहत्तर वर्षांपर्यंत काम चालते! खरे आहे. १९८३ च्या कॅनन कायद्याने महागुरू आणि धर्मग्रामाचे मुख्य धर्मगुरू यांना पंचाहत्तराव्या वर्षी राजीनामा सादर करण्यास सांगितले आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१३ साली ८५ व्या वर्षी पद सोडले आणि ते पुढे जवळजवळ दहा वर्षे, ९५ व्या वर्षापर्यंत जगले. पोप फ्रान्सिस यांनी पद सोडले नाही. एप्रिल २०२५ मध्ये ८८ व्या वर्षी ते पदावर असतानाच देवाघरी गेले. तक्ता वाचणाऱ्यांनी या दोघांना कोणत्या रकान्यात बसवावे ते त्यांनीच ठरवावे. पण वेदीजवळचे काम आणि दोर ओढण्याचे काम एकाच मापाने मोजता येत नाही, हे पवित्र शास्त्राला आपल्याही आधी कळले होते. गणनाच्या आठव्या अध्यायात लेवींच्या सेवेचा नियम आहे. पंचविसाव्या वर्षी त्यांनी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे, पन्नासाव्या वर्षी ती सेवा सोडावी. त्यानंतर त्यांनी आपल्या बांधवांना राखणीत हातभार लावावा, मुख्य सेवेचा भार मात्र त्यांच्यावर नसावा. मंडपाच्या फळ्या, खांब आणि बैठका वाळवंटातून वाहून नेणाऱ्या लोकांविषयी हे लिहिलेले आहे. जड काम आधी सोडवावयाचे आणि मनुष्याला मात्र सोडावयाचे नाही, हा त्यातला विवेक आमच्या कोणत्याही शासन निर्णयात आम्हांस आढळला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या परिपत्रकात वृद्धापकाळचे निवृत्तिवेतन हा कामकऱ्याचा हक्क म्हणून सांगितला. त्यांनी कामकरी म्हटले, कारकून म्हटले नाही.

आमची मागणी थोडक्यात अशी आहे. अंगमेहनत करणाऱ्याचे वय मोजताना जन्मतारखेबरोबर श्रमाची वर्षेही मोजावीत. श्रावणबाळचे पासष्ट निदान अठ्ठावन्नावर आणावे. जे वय कारकुनाला म्हातारा ठरविण्यास पुरते, ते रापणकराला का पुरू नये? आणि साठीची मागणी करणाऱ्या आमच्या सुशिक्षित ख्रिस्ती बंधुभगिनींनी आपल्या निवेदनात या एका ओळीची भर घालावी. ती घातली म्हणून त्यांचे काहीच जात नाही. गेल्या वर्षी एका निवेदनावर सही मागावयास काही मंडळी आमच्याकडे आली होती. आम्ही ही ओळ सुचविली. ‘तो वेगळा विषय आहे’ असे म्हणून ती मंडळी चहा घेऊन गेली.

यंदा पावसाच्या तोंडावर धर्मग्रामाच्या कचेरीत आम्ही जुन्या नोंदवह्यांना कव्हरे घालीत बसलो होतो. तेव्हा किनाऱ्यावरचा एक वृद्ध रापणकर बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास आला. शाळेचे तोंड त्याने पाहिलेले नव्हते, म्हणून त्याच्या नशिबी १ जूनही नव्हता. आपले वय ६७ असल्याचे तो सांगत होता, आणि त्याच्या हातांकडे पाहून आम्ही सत्तरही मानले असते. कोणीतरी श्रावणबाळचा अर्ज भरून दिला होता, तेवढा वयाचा पुरावा राहिला होता. वही उघडली. नाव मिळाले, आईबापांची नावे मिळाली, धर्ममातेचेही मिळाले. हिशेब केला तर वय निघाले ६२. फादरांनी दोनदा पाहिले, आम्ही दोनदा पाहिले. देवाच्या वहीत तारीख खरी लिहिलेली असते. तेथे कोणी डोक्यावरून हात नेऊन कान धरावयास सांगत नाही.

आम्ही त्याला समजावून सांगितले, की अजून तीन वर्षे थांबावे लागेल. तो क्षणभर गप्प राहिला, मग हसला. ‘म्हणजे मी अजून तरनोच मां?’ असे म्हणाला. तोपर्यंत काय करणार, असे आम्ही विचारले. ‘हात चलतत तवसर दोर ओढूचो, मगे बघूया,’ असे सांगून त्याने दाखल्याची घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, फादरांना हात जोडले, आणि पावसाची सर थांबण्याची वाट न पाहता तो दांडीच्या वाटेला लागला.